आंब्यावरची फळमाशी: देवगडची, जुन्नरची आणि मराठवाड्याची एकच का? जनुकीय खुणांनी ठरवता येईल?

कोकमसार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मिथाइल युजेनॉलच्या (नर माश्यांना ओढणाऱ्या वासाच्या आमिषाच्या) सापळ्यात देवगडला जी माशी पडते तीच जुन्नरला पडते आणि मराठवाड्यातल्या केसरच्या बागांतही तीच. नाव एकच, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. पण नाव एक असलं म्हणजे गोतावळाही एक असतो असं नाही. सह्याद्रीच्या अलीकडचा समूह वेगळा आणि पलीकडचा वेगळा असं असेल, तर कोकणात एकजुटीने केलेलं नियंत्रण टिकेल. वरून खाली सतत ये-जा असेल, तर एका तालुक्याने कितीही सापळे लावले तरी बाहेरून भर पडत राहणार.

हे डीएनएतल्या खुणांवरून तपासता येतं हे माहीत आहे. पण कोणती खूण घ्यायची? मायटोकाँड्रियातला सीओआय बारकोड, मायक्रोसॅटेलाइट की एसएनपी? एका ठिकाणच्या किती माश्या पुरतील? सापळ्यात मेलेल्या माश्या चालतील का? आणि उत्तर "सगळ्या एकच" असं आलं, तर त्याचा बागायतदाराला उपयोग काय?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

पिपेट

धाग्याचा विषय फार आवडला. आधी खुणांबद्दल.

सीओआय बारकोड म्हणजे मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा. तो फक्त आईकडून येतो आणि त्यात सरमिसळ होत नाही. त्यामुळे ही अळी कोणत्या प्रजातीची, या माशीच्या वंशाचा जुना प्रवास कसा झाला, अशा प्रश्नांना तो उत्तम. पण तुमचा प्रश्न आजच्या ये-जा विषयीचा आहे. डॉर्सालिसचं मूळ घर आशियातच आहे, इथे तिची संख्या अफाट आणि हॅप्लोटाइपही (या तुकड्याची वेगवेगळी रूपंही) भरपूर. ३० माश्या वाचल्यात तर १५-२० वेगवेगळे हॅप्लोटाइप निघाले तरी नवल नाही, आणि त्यातले बरेच एकमेकांपासून एक-दोन अक्षरांनीच वेगळे असतील. ६५८ मध्ये एक अक्षर म्हणजे ०.१५ टक्का. एवढ्या बारीक फरकांवरून घाटाच्या दोन बाजू वेगळ्या काढणं कठीण.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे केंद्रकातल्या डीएनएमध्ये दोन-तीन अक्षरांची पुनरावृत्ती असलेल्या जागा. समजा एका माशीत 'सीए' १४ वेळा आलंय, दुसरीत १७ वेळा. आई आणि बाप दोघांकडून येतात, झपाट्याने बदलतात. अशा १०-१५ जागा घेतल्या की समूहांची तुलना नीट होते. एसएनपी म्हणजे एकेका अक्षराचे फरक. ते हजारोंनी मिळतात, त्यामुळे अगदी थोडा फरकही पकडता येतो. पण त्यासाठी डीएनए चांगल्या प्रतीचा हवा.

थोडक्यात, प्रजात ठरवायला बारकोड आणि ये-जा पाहायला केंद्रकातल्या खुणा. दोन्ही लागतील.

---

रायवळ

वाचतोय, पण स्पष्टच लिहितो. हे सगळं बागायतदाराच्या काय कामाचं? फळ अंड्याएवढं झालं की कागदी पिशवी चढवा, पडलेली फळं रोजच्या रोज गोळा करून खोल पुरा, सापळे वेळेवर लावा. माशी कुठल्या गोतावळ्यातली यानं यातलं काय बदलतं? संशोधनाचा पैसा पिशव्यांच्या अनुदानाला गेला तर आंबा जास्त वाचेल.

---

सडा

@रायवळ, पिशव्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण बदल होतो, आणि तो दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे निर्यात. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली ती पेट्यांत फळमाशी सापडली म्हणून. जानेवारी २०१५ मध्ये ती उठवायचं ठरलं. पेटीत सापडते ती अळी, माशी नव्हे. डॉर्सालिस आणि तिच्या जातभाई प्रजाती झोनाटा व करेक्टा यांच्या अळ्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येत नाहीत. माशी निघेपर्यंत थांबायचं तर दोन-तीन आठवडे, तेही अळी जगली तर. बारकोड दोन-तीन दिवसांत प्रजात सांगतो आणि मेलेल्या अळीवरही चालतो.

दुसरं म्हणजे नियंत्रणाचं क्षेत्र किती मोठं धरायचं. जपानने आपल्या दक्षिणेकडच्या बेटांवरून डॉर्सालिस संपवली. मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशक यांच्या जोरावर नर मारत गेले आणि १९८६ पर्यंत काम पूर्ण झालं. तिथे समुद्राचं कुंपण होतं. आपल्याकडे कुंपण आहे का, असेल तर कुठे, हाच तर धागाकर्त्याचा प्रश्न आहे.

---

रायवळ

निर्यातीचा मुद्दा मान्य. दुसऱ्यावर अजून शंका आहे, पण पुढचं वाचतो.

---

चिमटा

प्रयोगशाळेआधी सापळ्याबद्दल बोलू, कारण निम्मी कामं तिथेच फसतात.

नियंत्रणासाठी लावलेला सापळा आणि डीएनएसाठी लावलेला सापळा यांत फरक आहे. नियंत्रणाच्या सापळ्यात माश्या पंधरा-पंधरा दिवस साठतात. कोकणातल्या मे महिन्याच्या उकाड्यात आणि दमट हवेत दोन-तीन दिवसांतच डीएनए तुटायला लागतो. वर बुरशी धरते, मुंग्या पोटं पोखरतात, आणि ढिगातल्या माश्यांचे द्रव एकमेकींना लागतात. बारकोडचा ६५८ अक्षरांचा तुकडा अशा माशीतून कधी येतो, कधी येत नाही. एसएनपीचं तर नावच नको.

म्हणून सापळा संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी काढावा, फार तर २४ तास. टांगायच्या तारेला ग्रीसचं बोट फिरवलं की मुंग्या येत नाहीत. सापळ्याच्या तळाला पाणी ठेवू नये. आमिषाचा ठोकळा आणि पडलेल्या माश्या यांच्यामध्ये जाळी असावी, म्हणजे तेल माश्यांना लागत नाही.

माशी काढली की लगेच ९५ टक्के इथेनॉलमध्ये. ७० टक्के नको, त्यात पाणी जास्त असल्यानं डीएनए हळूहळू तुटत राहतो. माश्यांच्या आकारमानाच्या निदान पाचपट इथेनॉल हवं. माशीच्या अंगातलं पाणी त्यात उतरतं, म्हणून दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदलायचं. मग उणे २० अंशांत.

चिठ्ठी कुपीच्या आत, शिसपेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि निळ्या पाण्यात गाव, तारीख, झाड सगळं जातं. बाहेरून चिकटवलेली पट्टीही एक थेंब ओघळला की सुटते.

---

घाटमाथा

+१ चिमटा.

त्यात एक भर. मिथाइल युजेनॉलला डॉर्सालिसबरोबर झोनाटा आणि करेक्टाचेही नर येतात. कुपीत भरण्याआधी एकेक माशी दहापट भिंगाखाली पाहा.

डॉर्सालिसच्या पंखाच्या पुढच्या कडेला सलग तपकिरी पट्टी असते आणि चेहऱ्यावर दोन सुटे काळे गोल ठिपके. झोनाटा अंगाने तांबूस, तिच्या पंखावर सलग पट्टी नसते, फक्त टोकाला ठिपका. करेक्टाचीही पट्टी तुटलेली, पण चेहऱ्यावरचे ठिपके आडवे पसरून एकमेकांना भिडलेले. भोपळवर्गीयांवरची झ्यूगोडॅकस कुकर्बिटी मिथाइल युजेनॉलला येत नाही, ती क्यू-ल्यूर या दुसऱ्या आमिषाला येते. शेजारी दोन्ही सापळे असले आणि माश्या एकाच डब्यात ओतल्या की घोळ ठरलेला.

आणखी एक. फळातून वाढवून काढलेल्या माश्या बाहेर आल्या-आल्या इथेनॉलमध्ये टाकू नका. चार-पाच दिवस साखर-पाणी देऊन ठेवा. अंगाचा रंग पूर्ण उतरल्याशिवाय पट्ट्या-ठिपके भरवशाचे नसतात.

---

मोहोर

वाचनखूण साठवली. एक शंका. सापळ्यात फक्त नर येतात. बारकोड जर आईकडून येतो, तर नरांवरून काय कळणार?

---

पिपेट

@मोहोर, नरालाही मायटोकाँड्रिया आईकडूनच मिळतात, तो फक्त पुढे देत नाही. त्यामुळे नराचा बारकोड म्हणजे त्याच्या आईचा बारकोड. तिथे अडचण नाही.

अडचण दुसरीकडे आहे. नर आमिषाच्या वासाने लांबून येतो. सापळ्यात पडलेला नर त्याच बागेत जन्मला असं धरता येत नाही. जन्माचं ठिकाण पक्कं हवं असेल तर फळ गोळा करून माश्या वाढवाव्या लागतात.

---

शक्यता

आणि फळातून वाढवलं की बहीण-भावांचा प्रश्न उभा राहतो. मादी एका भोकात एकदम कितीतरी अंडी घालते. तीन आंब्यांतून ३० माश्या काढल्यात तर तुमच्या हाती ३० नमुने नसतात, तीन-चार आयांची कुटुंबं असतात. अशा आकड्यांवरून दोन गावं वेगळी दिसतात, पण तो फरक गावांचा नसून कुटुंबांचा असतो. नियम सरळ आहे: एका फळातून एकच माशी, आणि फळंही वेगवेगळ्या झाडांखालची.

आता किती माश्या? एखाद्या समूहात ५ टक्के प्रमाणात असलेलं रूप (खुणेचा एक प्रकार) आपल्या नमुन्यात अजिबात न येण्याची शक्यता काढू. केंद्रकातल्या खुणेच्या प्रत्येक माशीत दोन प्रती, म्हणजे ३० माश्यांत ६०. ०.९५ चा ६० वा घात येतो सुमारे ०.०४६. पाच टक्क्यांहून कमी, चालेल. बारकोडची मात्र माशीमागे एकच प्रत. ०.९५ चा ३० वा घात ०.२१. म्हणजे त्याच ३० माश्यांत बारकोडचं असं रूप हुकण्याची शक्यता पाचात एक. केवळ बारकोडवर विसंबायचं असेल तर ६० माश्या घ्या. मायक्रोसॅटेलाइटला ठिकाणी ३० पुरतात. एसएनपी हजारोंनी असतात, त्यामुळे १५-२० माश्यांतही काम निघतं.

---

कोकमसार (धागाकर्ता)

हा हिशेब फार कामाचा. प्रयोगशाळेतली कृतीही कुणी सविस्तर लिहील का?

---

सूक्ष्मदर्शी

लिहिते. बारकोडसाठी एक पाय पुरतो. बाकीची माशी टाचणीला लावून जपून ठेवायची. पुढे क्रमात (वाचलेल्या डीएनए अक्षरांच्या ओळीत) काही विचित्र आलं तर तीच माशी पुन्हा भिंगाखाली घेता आली पाहिजे. ज्या क्रमामागे माशीच उरली नाही, त्याची खातरजमा कुणालाच करता येत नाही.

पाय टिपकागदावर पूर्ण कोरडा करा. इथेनॉल राहिलं तर पुढची पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवायची क्रिया) अडते. मग चेलेक्सची सोपी पद्धत: ५ टक्के चेलेक्सचे १०० मायक्रोलिटर, त्यात थोडं प्रोटिनेज-के, रात्रभर ५६ अंशांना, सकाळी ९५ अंशांना १० मिनिटं. चेलेक्सचे मणी तळाला बसतात. घेताना टोक कापलेली टिप वापरायची, नाहीतर मणी अडकतात आणि प्रत्येक नळीत वेगळं माप जातं. पीसीआरसाठी मात्र वरचं नितळ पाणीच घ्यायचं, मणी गेले तर ते मॅग्नेशियम ओढून घेतात आणि जेलवर डीएनएची पट्टी येत नाही. हा डीएनए कच्चा असतो, फार दिवस टिकत नाही.

पीसीआर २५ मायक्रोलिटरची: दुप्पट तीव्रतेचं मास्टरमिक्स १२.५, दोन्ही प्रायमर (तुकड्याची दोन टोकं पकडणारे छोटे डीएनए, १० मायक्रोमोलर) प्रत्येकी १, डीएनए २, पाणी ८.५. प्रायमर नेहमीचे फोल्मर, म्हणजे एलसीओ १४९० आणि एचसीओ २१९८. ९५ अंश ५ मिनिटं. मग ३५ फेऱ्या ९४ अंश ३० सेकंद, ५० अंश ४५ सेकंद, ७२ अंश १ मिनिट. शेवटी ७२ अंश १० मिनिटं. पट्टी येत नसेल तर ५० चे ४८ करा. दीड टक्का ॲगारोजवर प्रायमर धरून ७१० अक्षरांच्या आसपास एकच ठळक पट्टी दिसली पाहिजे. दरवेळी एक नळी डीएनएशिवाय. त्या नळीत पट्टी आली तर अख्खी खेप टाकून द्यायची, "फिकट आहे, चालेल" असं म्हणायचं नाही.

एसएनपीसाठी पाय पुरत नाही. छातीचा भाग घ्या आणि पोट वगळा. पोटात आतड्यातले जिवाणू असतात आणि वाचनाचा मोठा हिस्सा त्यांच्यावर खर्ची पडतो. इथे डीएनए काढायला सीटॅब पद्धत किंवा चांगली किट, आणि जेलवर डीएनए वरच्या बाजूला घट्ट दिसला पाहिजे. खालपर्यंत ओघळ दिसला तर तो तुटलेला आहे, त्या माशीचा नाद सोडा.

---

टाचणी

सूक्ष्मदर्शीताई, प्रतिसाद उत्तम. क्रम हातात आल्यावर काय तपासायचं तेही जोडते.

क्रमाचं प्रथिनात भाषांतर करून बघा आणि ते करताना अपृष्ठवंशी मायटोकाँड्रियाची सांकेतिक सारणी निवडा. नेहमीची सारणी ठेवली तर टीजीए हा थांबा दिसतो आणि चांगला क्रम नासका वाटतो. मायटोकाँड्रियात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. योग्य सारणी लावूनही मध्येच थांबा आला तर तो बहुधा केंद्रकात जाऊन बसलेला, मायटोकाँड्रियाच्या जनुकाचा मृत तुकडा. तसा क्रम विश्लेषणात घेऊ नये.

अळीवर काम करताना आणखी दोन फसगती होतात. अळीच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची अळी असेल तर फोल्मर प्रायमर तिचाही तुकडा वाढवतात. फळमाशीचा म्हणून आलेला क्रम फोपियस किंवा डायाकास्मिमॉर्फाचा निघतो. कधी वोल्बाकिया या जिवाणूचाही वाढतो. म्हणून प्रत्येक क्रम आधी सार्वजनिक साठ्यातल्या क्रमांशी ताडून बघायचा.

---

रायवळ

परजीवी गांधीलमाशी सापडली तर ती फसगत कसली, ती आनंदाची बातमी! फुकटचा मित्र बागेत हजर आहे हे कळलं की.

---

टाचणी

@रायवळ, हे अगदी खरं. तो क्रम फेकू नये, वेगळा नोंदवून ठेवावा. कोणत्या गावात किती अळ्यांत परजीवी निघाला ही माहिती जैविक नियंत्रणाच्या कामाची आहे.

---

नैरोबीकर

अवांतर, पण विषयाला धरून.

इथे केनियात २००३ मध्ये एक नवी फळमाशी सापडली. २००५ मध्ये तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स असं स्वतंत्र नाव मिळालं. आंब्यावर तिनं धुमाकूळ घातला आणि आफ्रिकेत दूरवर पसरली. पुढे रूप, जनुकीय खुणा, संकराच्या चाचण्या, नरांच्या गंधद्रव्यांची रसायनं असे सगळे पुरावे एकत्र मांडले गेले आणि २०१५ मध्ये ठरलं की ही वेगळी प्रजात नाही, डॉर्सालिसच आहे. पपायी आणि फिलिपिनेन्सिस ही नावंही डॉर्सालिसमध्येच विलीन झाली. कॅराम्बोली मात्र वेगळी राहिली.

एका नावाचा व्यापारावर किती परिणाम होतो बघा. माशी "नवी" असेल तर तिच्यासाठी प्रत्येक प्रक्रियेचे पुरावे नव्याने द्यावे लागतात. ती डॉर्सालिसच आहे म्हटल्यावर आशियात वर्षानुवर्षं झालेलं काम इथे लागू होतं.

---

घाटमाथा

@नैरोबीकर, छान माहिती. कॅराम्बोली आणि डॉर्सालिस नुसत्या सीओआयवरून खात्रीने वेगळ्या काढता येत नाहीत हेही इथे नोंदवू. तिथे केंद्रकातला आयटीएस-१ सारखा तुकडा जोडीला घ्यावा लागतो. जे फक्त बारकोडवर प्रजात जाहीर करतात त्यांच्यासाठी हा इशारा आहे.

---

सडा

अवांतरात अवांतर: आंब्याच्या तुडतुड्यांवर असं काम व्हायला हवं. इडिओस्कोपस निटिड्युलस, इडिओस्कोपस क्लायपिॲलिस आणि ॲम्रिटोडस ॲटकिन्सनी. पिल्लं एकमेकांसारखी, मोहोरावर सगळी मिसळलेली. पिल्लाचा बारकोड काढला की कोणत्या आठवड्यात कोणती प्रजात जोरात आहे ते कळेल.

---

शक्यता

तुडतुड्यांसाठी नवा धागा काढा, तिथे येतो. इथे विश्लेषणाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त चुकीचे अर्थ तिथेच काढले जातात.

दोन समूहांतला फरक एफएसटी या आकड्याने मोजतात. उदाहरण घ्या. एका जागी दोनच रूपं आहेत. पहिल्या रूपाचं प्रमाण देवगडला ०.५ आणि जुन्नरला ०.६. देवगडला अपेक्षित विविधता (एका माशीत दोन वेगळी रूपं येण्याची शक्यता) ०.५०, जुन्नरला ०.४८, सरासरी ०.४९. दोन्ही एकत्र केले तर प्रमाण ०.५५ आणि विविधता ०.४९५. फरक ०.००५ भागिले ०.४९५, म्हणजे एफएसटी सुमारे ०.०१. प्रमाणात दहा टक्क्यांचा फरक दिसतो, पण एफएसटी इतका लहान. म्हणून ०.०१ बघून "काहीच फरक नाही" म्हणायची घाई नको. हजारो एसएनपींवर असा फरक सातत्याने आला तर तो खरा असतो.

उलट बाजूही आहे. एक जुनं सूत्र एफएसटीवरून पिढीमागे किती माश्या स्थलांतर करतात ते काढून देतं. ०.०१ घातलं की उत्तर येतं सुमारे २५. हा आकडा अहवालात जशाच्या तसा घालू नये. सूत्र धरून चालतं की सगळे समूह सारख्या आकाराचे आहेत, कायम तसेच आहेत आणि समतोल साधलेला आहे. फळमाशीत यातलं एकही खरं नाही.

---

पिपेट

इथेच सगळ्यात मोठी मेख आहे. समूह प्रचंड असले की ये-जा थांबल्यावरही फरक साठायला शेकडो पिढ्या लागतात. एफएसटी कमी आला याचे दोन अर्थ होऊ शकतात: आज ये-जा चालू आहे, किंवा पूर्वी एक होते आणि वेगळं व्हायला अजून वेळ मिळालेला नाही. नुसत्या एफएसटीवरून यातलं कोणतं खरं ते सांगता येत नाही.

---

मोहोर

मग रंगीत उभ्या पट्ट्यांची जी चित्रं असतात, स्ट्रक्चर नावाच्या प्रणालीची, त्यांवरून कळत नाही का? त्यात "गट दोन" असं सरळ उत्तर येतं ना?

---

शक्यता

@मोहोर, बहुतेक वेळा दोन येतं, आणि त्याचं कारण गणितात आहे. गटांची संख्या ठरवायला डेल्टा-के ही पद्धत सर्रास वापरतात. ती प्रत्येक संख्येची तुलना आधीच्या आणि नंतरच्या संख्येशी करते. एकच्या आधी काही नाही, म्हणून "गट एकच" हे उत्तर ही पद्धत देऊच शकत नाही. आणि फळमाशीत बहुधा खरं उत्तर एकच असतं. त्यामुळे मूळ संभाव्यतेचा आलेख बघा आणि पट्ट्यांत रंग गावागणिक वेगळे दिसतात का ते बघा. सगळ्या माश्या निम्म्या लाल निम्म्या हिरव्या असतील तर गट नाहीत.

बहीण-भाव नमुन्यात राहिले असतील तर तेही खोटा गट तयार करतात. विश्लेषणाआधी नात्याची तपासणी करून प्रत्येक कुटुंबातली एकच माशी ठेवायची.

---

सूक्ष्मदर्शी

प्रयोगशाळेतूनही खोटे गट तयार होतात. देवगडच्या सगळ्या माश्या एका प्लेटमध्ये आणि जुन्नरच्या दुसऱ्या प्लेटमध्ये लावल्या की दोन प्लेटमधला फरक दोन गावांचा म्हणून दिसतो. प्रत्येक प्लेटमध्ये सगळ्या गावांच्या माश्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या मिसळून लावा. दर प्लेटमध्ये चार-पाच माश्या दोनदा लावा, म्हणजे चूक किती होते ते कळतं.

मायक्रोसॅटेलाइटमध्ये शून्यरूपांचा त्रास वेगळा. प्रायमर बसायच्या जागीच बदल झाला असेल तर ती प्रत वाढतच नाही आणि दोन वेगळी रूपं असलेली माशी एकाच रूपाची दिसते. एखाद्या जागी सगळ्याच गावांत एकरूप माश्या अपेक्षेपेक्षा जास्त आल्या तर ती जागा वगळा. संख्या टिकवायची म्हणून वाईट जागा ठेवू नये, १५ पैकी ११ चांगल्या उरल्या तरी चालतात.

---

रायवळ

सगळं वाचलं. मूळ प्रश्नाकडे येऊ. सह्याद्री आडवा येतो की नाही, हे ठरवायला नमुने नेमके कुठून घ्याल? देवगड आणि मराठवाडा यांत फरक आला तर तो घाटामुळे की नुसत्या अंतरामुळे, हे कसं सांगणार?

---

पिपेट

@रायवळ, हा प्रश्न फार नेमका आहे. असा प्रश्न विचारणारा माणूस योजना आखणाऱ्यांत हवा.

अंतर आणि घाट वेगळे करायचे तर जोड्या तशा निवडाव्या लागतात. कणकवलीच्या बाजूला फोंडाघाटाच्या पायथ्याशी एक ठिकाण आणि वर राधानगरीच्या बाजूला एक. हवाई अंतर थोडं, पण मध्ये घाट. दुसरी जोडी देवगड आणि रत्नागिरी: अंतर त्याहून जास्त, पण मध्ये घाट नाही. पहिल्या जोडीतला फरक दुसरीपेक्षा मोठा आला तर घाट आडवा येतो. लहान किंवा सारखाच आला तर येत नाही. त्याशिवाय प्रत्येक ठिकाणी पाच-सहा किलोमीटरवरच्या दोन बागा घ्या, म्हणजे एकाच गावात किती फरक असतो तो पाया मिळेल. जुन्नर आणि मराठवाडा हे लांब पल्ल्यासाठी.

एक सावधगिरी. माशी पंखांनी जाते त्याहून लांब टेम्पोतल्या फळांतून जाते. घाट माशीला अडवेल, पेरूच्या क्रेटला अडवणार नाही. म्हणून बाजार समितीजवळचा एखादा सापळा वेगळा धरा, तो बागेच्या नमुन्यात मिसळू नका.

---

घाटमाथा

आणि दोन वेळा नमुने घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये माश्या कमी असतात, त्या आधीपासून तिथे टिकून राहिलेल्या. मे अखेरीला आणि पावसाच्या सुरुवातीला जोर असतो, तेव्हा बाहेरच्या मिसळलेल्या असू शकतात. फक्त मे महिन्यात घेतलं तर सगळीकडे सारखंच दिसेल.

आंबा नसतानाही माशी कुठेतरी असतेच. परसातला पेरू, चिकू, जाम, किनाऱ्यावरचं देशी बदामाचं झाड. आंब्याच्या हंगामाबाहेर त्या फळांतून वाढवलेल्या माश्या घ्या. त्यांची आणि मार्चमधल्या आंबा बागेतल्या माश्यांची रूपं जुळली, तर हंगामाचं बीज कुठे जपलं जातं त्याचा माग लागेल.

---

सडा

@घाटमाथा, अगदी हेच. रायवळ यांनी सुरुवातीला "काय बदलतं" विचारलं होतं, त्याचं हे एक उत्तर. बीज परसातल्या पेरूत जपलं जात असेल तर बागेतल्या सापळ्यांइतकंच गावातल्या पडलेल्या पेरूंकडे लक्ष द्यावं लागेल. तेही ऑगस्ट ते जानेवारीत, आंबा कुणाच्या ध्यानीमनी नसताना.

आणखी एक. वर सांगितलेल्या खुणा तटस्थ आहेत, त्यांचा माशीच्या जगण्या-मरण्याशी संबंध नाही. त्यांच्या जोडीला एसीई जनुकही वाचा. मेलॅथिऑनसारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांना दाद न देणाऱ्या डॉर्सालिसमध्ये या जनुकात तीन बदल सापडलेले आहेत: आय२१४व्ही, जी४८८एस आणि क्यू६४३आर. आमिषाच्या ठोकळ्यात मेलॅथिऑन वापरत आलो आहोत आपण. ये-जा मोठी असेल तर एका तालुक्यात तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसरीकडे पोचायला वेळ लागणार नाही.

---

रायवळ

हे पटलं. पिशव्यांचा आग्रह कायम आहे, पण फोंडाघाटाच्या पायथ्याची बाग आणि परसातले पेरू मिळवून द्यायची जबाबदारी माझी. ठिकाणं कळवा.

---

कोकमसार (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंत ठरलं ते असं: फोंडाघाट-राधानगरी आणि देवगड-रत्नागिरी या दोन जोड्या, शिवाय जुन्नर आणि मराठवाड्यात एकेक. ठिकाणी दोन बागा, बागेमागे ३० माश्या, मार्चमध्ये एकदा आणि मे अखेरीला एकदा. सहा ठिकाणं, बारा बागा, दोन खेपा, म्हणजे ७२० माश्या. बारकोड प्रत्येकीचा, एसएनपी बागेमागे १५ माश्यांचे. पेरू-बदामाच्या माश्या वेगळ्या, एका फळातून एक.

एक राहिलं. कुपीला नाव काय द्यायचं?

---

चिमटा

गावाची दोन अक्षरं, बाग १ की २, खेप १ की २, मग माशीचा क्रमांक: देव-१-१-०७. हाच क्रमांक कुपीतल्या चिठ्ठीवर, वहीत आणि टाचणीखालच्या कागदावर. एका कुपीत एकच माशी, म्हणजे गळालेला पाय कुणाचा हा प्रश्नच येत नाही. अक्षांश-रेखांश, झाड कोणतं, सापळ्यातून की फळातून हे वहीत त्याच दिवशी, बागेतच लिहायचं. आणि पेन्सिल एचबी नको, २बी घ्या, ओल्या हातानेही ठळक उमटते.

---

टाचणी

नमुने देशाबाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा विचार असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची परवानगी आधी पाहा, माश्या गोळा करण्याआधी. आणि क्रम सार्वजनिक साठ्यात घालताना गाव, तारीख आणि यजमान झाड नक्की भरा. नुसतं "भारत" लिहिलेला क्रम पुढच्या माणसाला घाटाच्या प्रश्नासाठी वापरता येत नाही.